आठ वर्षांचा गीझर भंगारात घालण्याआधी

“गीझर आठ वर्षांचा झाला की बदलाच. जुना दुप्पट वीज खातो, कधीही फुटतो, दुरुस्तीचा पैसा वाया जातो. नवा फाइव्ह स्टार घ्या, वर्षात किंमत वसूल!” थंडी पडली की हा मेसेज परभणीतल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोच. यंदा तो वाचून मावशीनं चांगला चालता गीझर भंगारवाल्याला दिला. म्हणून हे लिहितेय.

आधी दुप्पट विजेचं. कॉइल जुनी असो की नवी, तिच्यात गेलेल्या विजेची उष्णताच होते आणि ती पाण्यातच उतरते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं, कालही आणि आजही. 2000 वॅटच्या गीझरला त्यासाठी वीसेक मिनिटं पुरतात. घड्याळ लावून बघा.

मग फाइव्ह स्टार कशाचे? तापलेलं पाणी चोवीस तास तसंच धरून ठेवताना किती उष्णता निसटते, त्याचे. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात याचा फरक पडेल. आपण मात्र अंघोळी उरकल्या की बटण बंद करतो. मग वर्षात किंमत वसूल होणार कुठून?

फुटण्याची भीती मात्र खोटी नाही, फक्त दोष वयाचा नाही. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो चुकला तर वीज तोडणारा कटआउट, दोन्ही निकामी झाले आणि सेफ्टी व्हॉल्व्हही क्षारानं गच्च बसला, तर टाकीतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात असा व्हॉल्व्ह लवकर बसतो, नव्या गीझरचासुद्धा. गेल्या दिवाळीआधी आमचा गीझर उघडला, तेव्हा कॉइलवर खडूसारखा पांढरा थर होता, बोटानं खरवडला तर पापुद्रे निघाले. शेजारचा मॅग्नेशियमचा दांडा झिजून आतली तारच उरली होती. हा दांडा, म्हणजे ॲनोड रॉड, स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. तो संपला की गंज टाकीला धरतो. आम्ही दांडा आणि व्हॉल्व्ह बदलला, कॉइल साफ करून घेतली. नव्या गीझरच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता. क्षाराच्या पाण्यात हे दरवर्षी करायला हवं.

मेसेजमध्ये शॉकबद्दल अवाक्षर नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. कॉइलचं आवरण तडकलं की करंट पाण्यात उतरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी घालत जा, आणि बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. गीझर नवा असला तरीही.

टाकीच पाझरायला लागली, तर मात्र वेल्डिंगच्या नादी लागू नका. तेव्हा नवा घ्या.