आत आहातच तर...

माझ्या उजव्या पोटरीत अजून एक कुसळ आहे. बायकोने चिमटा, सुई आणि शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून शोध घेतला आणि "आता ते तुझंच झालं" असं जाहीर करून ती झोपायला गेली. ऑफिसात लोक माझ्या मानेवरचे ओरखडे बघतात आणि 'घरी सगळं ठीक ना?' असं हळू आवाजात विचारतात. घाणेरीच्या काटेरी झुडपात पडलो, हे खरं उत्तर एकालाही पटलेलं नाही. आमचे साहेब तर "असतं, असतं" म्हणून खांद्यावर थोपटून गेले. नेमकं तिथेच खरचटलेलं होतं.

मी माउंटन बायकिंग करतो. इंदुरात. यावर लोक आधी हसतात आणि मग 'माउंटन कुठाय?' म्हणून विचारतात. आहे की. म्हणजे डोंगर नाही, पण माळव्याचं ५५० मीटर उंचीचं पठार कुठेतरी संपावं लागतंच, आणि ते खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे संपतं. तिथून जमीन चोरलकडे, निमाडाकडे, नर्मदेकडे उतरायला लागते. साग, पळस, काळा दगड आणि मधून गेलेल्या गुरांच्या वाटा. सायकलवाल्याला डोंगराचं काही नसतं, त्याला उतार लागतो.

'रालामंडलला का नाही जात?' असंही विचारतात. ते १९८९ पासून अभयारण्य आहे आणि वर होळकरांची शिकारगाह आहे. माणसांनी तिथल्या जनावरांना जो त्रास द्यायचा तो होळकरांच्या काळात देऊन झालाय, त्यात माझी भर नको. उरला सुपर कॉरिडॉर, म्हणजे शहरातला तो रुंद रस्ता. तिथे पहाटे चकचकीत कपड्यांतली मंडळी गुळगुळीत डांबरावरून जातात, परत येतात आणि पोहे-जिलबी खाऊन जाळलं त्याच्या दुप्पट भरतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. या आठवड्यात थोडा वाटला.

तर मागच्या रविवारी, सिमरोलच्या पुढच्या एका उतारावर, वाट जिथे डावीकडे वळते तिथे वाट नव्हती. पावसाळ्याआधी होती. पुढचं चाक वेलीत गेलं, मी हँडलवरून घाणेरीत गेलो आणि सायकल माझ्यावर आली.

घाणेरी लांबून गोड दिसते. गुलाबी-पिवळ्या फुलांचे इवलेसे गुच्छ, त्यावर फुलपाखरं. जवळून, म्हणजे माझ्याइतक्या जवळून बघितलं तर दांडी चौकोनी असते आणि तिच्या कडांवर बारीक, मागे वळलेले काटे असतात. आत जाताना ते काही बोलत नाहीत. बाहेर निघायला लागलात की एकेक हजेरी लावतो. मी उजवा हात सोडवला की डावी बाही अडके. डावी सोडवली की हेल्मेटचा पट्टा. मोज्यांत कुसळं भरलेली. कुसळाच्या शेपटीला ओल लागली की ती पीळ घेत फिरते आणि टोक आत जातं. बी जमिनीत रुजावं म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे ही. माझ्या मोज्यात घामाची ओल भरपूर होती आणि जमीन म्हणून पोटरी होती.

अशात पाचोळ्यात चपला वाजल्या.

"भिया, जरा हाथ देना!" मी ओरडलो.

"कौन है?"

"साइकिलवाला."

"किधर?"

"नीचे. झाड़ी में."

घाणेरीच्या वर एक कानटोपी उगवली. आक्टोबरात कानटोपी. खाली जाड काचांचा चष्मा आणि हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. त्याच क्षणी एक काटा माझ्या कानाच्या पाळीत घुसला आणि तोंडून "आई गं!" निघालं.

"अरे, मराठी!" कानटोपीचा चेहरा उजळला. "आधी सांगायचं ना!"

आता हात मिळेल असं मला वाटलं. पण चौकशी मिळाली.

"आडनाव काय आपलं?"

सांगितलं.

"कुठले?"

"इंदूरचाच, काका. जरा ती फांदी..."

"इंदूरचे तर सगळेच असतात. कुठले? रामबाग? नारायण बाग?"

"सुदामा नगर."

"अच्छा," काका म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे नंतरचे."

इंदुरातल्या मराठी माणसाची प्रतवारी कशी होते हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आजोबा होळकर दरबारात होते का आणि घर राजवाड्यापासून किती पावलांवर होतं, यावर सगळं ठरतं. ज्यांचे ज्यांचे आजोबा दरबारात होते म्हणतात ते सगळे खरंच असते, तर महाराजांना उभं राहायलाही जागा मिळाली नसती. माझे आजोबा रेल्वेत होते. पण सायकल अंगावर घेऊन पडलेल्या माणसाला स्वाभिमान परवडत नाही, म्हणून मी म्हणालो, "आजोबा होळकरांकडे होते."

"कोणत्या खात्यात?"

"हिशेब."

"वा! आमचेही तिथेच." काका खूश. "ओळख असणार त्यांची. बघ, कशी गाठ पडते." आणि तिथून मी 'तू' झालो.

"काका, हात देता का जरा?"

"देतो की. पण थांब, हलू नको. अजिबात हलू नको."

मला वाटलं साप. श्वास रोखला.

"तुझ्या डोक्यावर. डावीकडे. ती वेल दिसते? गुळवेल आहे ती!"

काका सकाळपासून गुळवेल शोधत हिंडत होते, स्कूटर रस्त्यावर लावून. २०२० साली काढ्याच्या नादाने लोकांनी जवळपासची सगळी गुळवेल ओरबाडली, आता जंगलात यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ही स्वतःसाठी नव्हती. व्याह्यांची शुगर वाढली होती.

"व्याह्यांना द्यायचीय म्हणजे ऐरीगैरी चालत नाही. कडुनिंबावर चढलेली वाली लागते. ती सगळ्यात गुणाची. मीच घेतली असती रे, पण आत यायचं म्हणजे काटे आहेत."

हे वाक्य ते मला सांगत होते.

"तू आत आहेसच, तर..."

मी मान वळवली. खरंच गुळवेल होती. हृदयाच्या आकाराची पानं, दांडीवर कागदासारखी सुटणारी पापुद्र्याची साल, वरून लोंबणाऱ्या दोऱ्यासारख्या मुळ्या. चढली होती ते झाड कोणतं, हे मला झोपल्या झोपल्या कळत नव्हतं. काकांनी खिशातून फोन काढला. तिथे मला एक काडी नेटवर्क नसतं, त्यांना होतं. फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, सापडली! एक मराठी मुलगा आहे आत, तो देतोय." मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. 'मुलगा' शब्दाने मी जो विरघळलो, तो पुढच्या सगळ्या प्रकाराला कारण झाला.

"आत कशात?" काकू.

"झुडपात. ते जाऊ दे. जाडी किती हवी?"

"अंगठ्याएवढी. आणि कडुनिंबच आहे ना? मागच्या वेळी तुम्ही बाभळीवरची आणलीत."

"मागच्या वेळी संध्याकाळ होती!"

"त्यांना म्हणावं पान चावून बघा."

काका माझ्याकडे वाकले. "पान चावून बघ बेटा. झाडाचं, वेलीचं नको. वेलीचं पण कडूच लागतं, मग कळणार नाही."

पाठीखाली दगड, पोटावर तेरा किलोची सायकल, कानात काटा, अशा अवस्थेत मी हात लांबवून एक पान ओढलं आणि चावलं. "कडू आहे," मी म्हणालो.

"कडू आहे म्हणतो," काकांनी फोनमध्ये सांगितलं.

"मग घ्या. हातभर तरी घ्या, वीतभर नको."

गुळवेल हाताने तुटत नाही. आत चिवट दोरे असतात, पिळली तरी लोंबत राहते. काकांनी पिशवीतून भाजी चिरायची सुरी काढली, सुतळीने काठीच्या टोकाला बांधली आणि काठी माझ्यापर्यंत पोचवली. चांगली, मजबूत, वेताची काठी. अगदी माझ्या मुठीत आली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओढलं.

"अरे, काठी सोड! सुरी घे, सुरी!"

सोडली. सुरी घेतली. वेल कापली. आतून चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली. माझ्या सायकलचे आरे त्याच वेळी माझ्या बरगडीत रुतत होते, त्यामुळे सौंदर्य वगैरे जाणवलं नाही. हातभर वेल काठीवरून वर गेली, मग पानं, मग "व्याह्यांचे मोठे भाऊ पण आहेत" म्हणून आणखी हातभर. शेवटी सुरी परत मागितली. ती मी दिली, याचं माझं मलाच कौतुक वाटतं.

"आता मी निघू कसा, काका?"

काकांनी विचार केला. चष्मा पुसून घाणेरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आलास तसाच जा की," ते म्हणाले. मग काकूंना पुरावा हवा म्हणून झाडासकट माझा फोटो काढला, माझा नंबर घेतला, ऊन चढायच्या आत घरी पोचायला हवं म्हणाले आणि गेले. जाताना वळून एक सांगितलं, "ही वाट फार खराब झालीय. तुम्ही तरुणांनी तक्रार करायला हवी."

मी बाहेर कसा आलो ते सोडून देऊ. जर्सी तिथेच आहे. टायरमध्ये बाभळीचे काटे होते, पण आतल्या सीलंटने भोकं बुजवली, त्याचं काही नाही. काटा उपटायचा नाही, एवढं पथ्य पाळलं. गेला तो मागचा हँगर. गिअरचा तो डबडा ज्या पत्रीला लटकतो ती पत्री. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ ठेवतात आणि ती कर्तव्य बजावून मेली. दुकानदार म्हणतो, "तुमच्या मॉडेलचा मुंबईहून मागवावा लागेल, भिया." एवढ्याशा पत्रीसाठी कुरियरचे पैसे पत्रीपेक्षा जास्त.

काका एक गोष्ट मात्र खरी बोलून गेले. वाट खराब झालीय. आणि ती का झालीय याचा मी पोटरी शेकत बसून विचार केला. ही वाट कोणी बांधली नव्हती. सकाळी गुरं जायची, संध्याकाळी यायची. मोळीवाल्या बाया रोज त्याच वळणावर वळायच्या. शेळ्या कडेचं कोवळं कोवळं खाऊन टाकायच्या. एवढ्याने वाट वाट राहायची. आता गावात गॅस आला, म्हशी गोठ्यात बांधून पेंड खातात, पोरं कारखान्यात जातात. चुलीचा धूर त्या बायांच्या डोळ्यांतून गेला हे चांगलंच झालं, मी काही त्यांना माझ्या रविवारसाठी मोळ्या वाहायला लावणार नाही. पण त्यांच्या जागी आली घाणेरी. अमेरिकेतली ही वनस्पती इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, खाल्ली तर यकृत जातं. काळी फळं बुलबुल खातात आणि बिया गावभर टाकतात. नुसती कापली तर बुंध्यातून दुपटीने फुटते, मुळापासून उपटावी लागते आणि तीही बी धरायच्या आत. हे काम एका रविवारच्या हौसेचं नाही.

आणि हे शहर तर झाडूचं शहर! २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर. भल्या सकाळी गाडी गाणं लावून दारात येते, ओला-सुका वेगळा नसेल तर आमच्या शेजारच्या काकू कचऱ्यासकट परत पाठवल्या जातात. रस्त्यावर गुटख्याची पुडी टाकायची कोणाची हिंमत नाही. मग शहराबाहेर एवढंसं अंतर गेलं की सगळ्यांचं लक्ष एकदम कसं उडतं?

मी अर्ज केला. कुठे केला ते सांगत नाही, पुन्हा जावं लागेल. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला, नकाशा उघडला, बोट फिरवलं.

"ही वाट नकाशात नाही."

"पण जमिनीवर आहे. म्हणजे होती."

"नकाशात नाही ती वाट वाढली, असं लिहिता येत नाही. साफ करायचा खर्च कोणत्या नावावर टाकू?"

"मग नकाशात घ्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, अगदी आपुलकीने. "घेतली तर तिथे जायला परवानगी लागेल, साहेब. मग तुम्ही आत्तापर्यंत कसे जात होता, हा प्रश्न येईल. बसा, पाणी घ्या."

पाणी घेतलं. अर्जही परत घेतला.

काल रात्री काकांचा मेसेज आला. आधी माझा झुडपातला फोटो, खाली 'आपल्या होळकरांकडच्यांचा नातू, अत्यंत सेवाभावी'. हा फोटो रामबागेतल्या निदान तीन ग्रुपवर गेलेला आहे, कारण एका अनोळखी बाईंनी मला आवळे कधी मिळतील असं विचारलंय. मग काकांचा दुसरा मेसेज: 'काकू म्हणतात वेल बारीक निघाली. व्याह्यांसमोर लाज गेली. बदलून मिळेल का? आणि येताना त्या वळणावरची झुडपं थोडी मागे सारून ठेव, म्हणजे मला आत नीट बघता येईल.'

निळ्या खुणा उमटल्यात. आता काहीतरी लिहावं लागणार.