‘सेटिंगला हात लावू नका’ हा सल्ला खिशाला महाग पडतो

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला सारखा फिरतोय: ‘गूगल अ‍ॅड्समध्ये सेटिंगला हात लावू नका. रोजचं बजेट टाका, मशीनला सगळं कळतं, फोन आपोआप येतील.’ छोट्या धंदेवाल्यांच्या जाहिराती सांभाळणं हेच माझं काम. या सल्ल्यापायी कष्टाचे पैसे जाताना मी पाहतो, म्हणून एकेक दावा घेतो.

‘आधीच टिक केलेलं असतं तेच फायद्याचं.’ लोकेशनचंच बघा. तुम्ही पुणे निवडता, पण मूळ पर्यायात पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्याविषयी नुसता रस दाखवणारेही येतात. मालवणात होमस्टे असेल तर हे उत्तमच. गिऱ्हाईक मुंबईत बसूनच खोली शोधतं. पण कोथरूडच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला नागपूरच्या क्लिकचा काय उपयोग? त्याने फक्त ‘प्रेझेन्स’, म्हणजे त्या भागात असलेलेच लोक, हा पर्याय ठेवावा. सर्च कॅम्पेनमध्ये, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्यांसाठीच्या जाहिरातीत, डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवर जाहिरात दाखवण्याची) खूण दिसली तर तीही काढावी. नाहीतर झुरळांनी वैतागलेल्या माणसासाठी लिहिलेली जाहिरात एखाद्या मोबाइल गेममध्येही झळकते.

‘ब्रॉड मॅच ठेवा, मशीन बरोबर माणूस शोधतं.’ कीवर्ड म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची ते शब्द; ब्रॉड मॅचमध्ये त्यांच्याशी नुसत्या संबंधित शोधांवरही ती दिसते. सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो. अशाच एका पेस्ट कंट्रोलवाल्यांचा ‘सर्च टर्म्स’ रिपोर्ट, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याची यादी, मी उघडला. कीवर्ड एकच, ‘पेस्ट कंट्रोल पुणे’. खाली रांग लागलेली: ‘पेस्ट कंट्रोल जॉब’, ‘झुरळांवर घरगुती उपाय’, ‘वाळवीचं औषध किंमत’. प्रत्येक ओळीसमोर क्लिक आणि त्याचे पैसे. मालक शेजारीच बसले होते. ‘जॉब’वर बोट ठेवून म्हणाले, “अहो, हाच मला फोन करून पगार विचारत होता!” आम्ही कीवर्ड अवतरणचिन्हांत घालून फ्रेज मॅच (त्याच अर्थाच्या शोधांपुरता) केला आणि ‘जॉब’, ‘घरगुती’ निगेटिव्हमध्ये, म्हणजे जाहिरात नको असलेल्या शब्दांत, टाकले. निगेटिव्ह कीवर्डला समानार्थी शब्द कळत नाहीत, त्यामुळे ‘नोकरी’ आणि ‘व्हेकन्सी’ही वेगळे टाकावे लागले. हा रिपोर्ट सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी बघायलाच हवा.

‘रोज ५०० टाकले तर ५००च जातात.’ नाही. तो आकडा सरासरीचा असतो. एखाद्या दिवशी १,००० रुपयेसुद्धा जातात. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये. हे ठाऊक नसलं की माणूस दुसऱ्याच दिवशी घाबरून कॅम्पेन बंद करतो.

‘ऑप्टिमायझेशन स्कोअर १०० करा.’ गूगल खात्यासाठी शिफारशी देतं आणि त्यावरून हा स्कोअर ठरवतं. नको असलेली शिफारस फेटाळली तरी हा स्कोअर वाढतो. त्यावरून धंद्याचा अंदाज बांधू नका.

राहिला मशीनचा मुद्दा. स्मार्ट बिडिंग, म्हणजे प्रत्येक वेळी जाहिरातीसाठी किती बोली लावायची ते मशीननेच ठरवणं, चांगलं चालतं, मी स्वतः वापरतो. पण ‘कन्व्हर्जन’ म्हणून, म्हणजे जाहिरातीतून हवी असलेली कृती म्हणून, तुम्ही जे दाखवाल तेच ते आणून देतं. त्या मालकांच्या खात्यात वेबसाइटचं पान उघडणं हेच कन्व्हर्जन लावलेलं होतं, म्हणून मशीनने पानं उघडणारेच आणले. आम्ही ते बदलून जाहिरातीवरून आलेला, किमान ६० सेकंद चाललेला कॉल मोजायला घेतला. वाळवीने हैराण झालेलं गिऱ्हाईक तेवढा वेळ बोलतंच: फ्लॅट केवढा आहे, घरात लहान मूल आहे, औषधाचा वास किती दिवस राहील.