रेघा दिसल्या म्हणजे फील्ड ऑर्डर चुकली असे नाही

‘हलत्या कडांवर रेघा दिसल्या की फील्ड ऑर्डर चुकली असे समजा, एन्कोडरमध्ये नेहमी टॉप फील्ड फर्स्ट निवडा, तरीही अडचण राहिली तर एक फील्ड काढून टाका आणि काम झाल्यावर मूळ फायली पुसा’ असा व्हिडिओ एन्कोड करण्याविषयी, म्हणजे त्याची नव्या स्वरूपातली फाइल बनवण्याविषयी, सल्ला देणारा एक संदेश सर्वत्र फिरतो आहे. माझ्या भाच्याने तो प्रमाण मानून घरातल्या डीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरच्या) टेपांचे सगळे चित्रण एन्कोड केले आणि टीव्हीवर लावल्यावर त्यातली धावणारी मुले थरथरताना दिसली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

इंटरलेस्ड फ्रेममधल्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. ओळींचा असा प्रत्येक संच म्हणजे एक फील्ड; सर्वांत वरची ओळ ज्यात असते ते टॉप, दुसरे बॉटम, आणि यांतले आधी कोणते टिपले ते सांगते फील्ड ऑर्डर. पाल या टीव्ही पद्धतीत हे अंतर १/५० सेकंदाचे असते. दोन्ही क्षण एकाच वेळी दाखवले की ऑर्डर अचूक असली तरी रेघा दिसणारच. त्यांवरून ऑर्डर ठरवणे म्हणजे ताप मोजून चष्म्याचा नंबर काढणे होय.

खरे नुकसान करतो तो ‘नेहमी’ हा शब्द. १०८०आय (१०८० ओळींचे इंटरलेस्ड) चित्रण टॉप फील्ड फर्स्ट असते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. परंतु डीव्ही, मग ते पाल असो वा एनटीएससी ही दुसरी टीव्ही पद्धत, बॉटम फील्ड फर्स्ट असते. त्यावर उलटी खूण, म्हणजे उलट ऑर्डर सांगणारी नोंद, लावली की फील्ड २, १, ४, ३ अशा क्रमाने दिसतात, म्हणजे हालचाल तीन पावले पुढे आणि एक पाऊल मागे जाते. याडिफ हा इंटरलेसिंग काढणारा फिल्टर प्रत्येक फील्डमागे एक फ्रेम देणाऱ्या मोडमध्ये चालवून फ्रेम एकेक करून पुढे सरकवली, तर हे मागे येणे साध्या डोळ्यांना दिसते. स्थिर दृश्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

ऑर्डर ‘बदलणे’ म्हणजे काय, याचाही संदेशात पत्ता नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या अधिकृत दस्तऐवजात हा भेद स्पष्ट आहे: सेटफील्ड हा फिल्टर फक्त खूण बदलतो, चित्राला हात लावत नाही, फील्डऑर्डर हा फिल्टर मात्र चित्र एक ओळ वर किंवा खाली सरकवतो, तेही मूळ खुणेवर विसंबून. त्यामुळे खूणच चुकीची असेल तर आधी ती सुधारावी लागते. चित्राच्या वरच्या कडेच्या ओळी विषम संख्येने कापल्यास ऑर्डर उलटते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एक फील्ड काढल्यास पाल चित्रातल्या ५७६ पैकी २८८ ओळी आणि निम्मी हालचाल जाते. यावर अधिक काय बोलावे?

सुदैवाने भाच्याने मूळ फायली पुसण्याची सूचना तेवढी पाळलेली नाही, त्यामुळे बॉटम फील्ड फर्स्ट लावून सारे पुन्हा एन्कोड करता येईल.