आतड्याला पीळ, आणि सरकारी दवाखान्याची भीती घालणारा मेसेज

गेल्या आठवड्यापासून नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि काल आम्हा निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आतड्याला पीळ पडला तर पेशंटला सरकारी दवाखान्यात नेऊ नका, तिथे पोट उघडलेला माणूस घरी येत नाही. घरीच एरंडेल द्या, पोट चोळा, गाठ सुटते. सरकारीत नुसतं सलाईन लावून ठेवतात, आणि ऑपरेशन केलंच तर पोटावर पिशवी लावून जन्माचं अधू करतात.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यांच्या सर्जरी वॉर्डात आणि थिएटरमध्ये गेली. हा मेसेज वाचून कुणी एक दिवस जरी घरी थांबलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पोट उघडलेला माणूस घरी येत नाही.’ मृत्यू होतात. मी पाहिलेत, आणि ते नाकारणार नाही. पण कोण आलं आणि कितव्या दिवशी आलं, हे विचारल्याशिवाय मृत्यू मोजण्यात अर्थ नाही. सुरगाण्याकडचा, पेठकडचा पेशंट आमच्यापर्यंत यायचा तेव्हा दुखायला लागून दोन-तीन दिवस उलटलेले असायचे. पहिला दिवस ‘नळ भरलेत’ म्हणून घरात. दुसऱ्या दिवशी गावात इंजेक्शन. मग शहरातला एखादा खासगी दवाखाना, आणि डिपॉझिटचे पैसे संपले की चिठ्ठी देऊन आमच्याकडे. तोवर पोट नगाऱ्यासारखं ताठ, लघवी बंद, बीपी लागत नाही. हा मृत्यू मग सरकारीच्या नावावर लागतो.

आतडं नुसतं अडकलं असेल तर हातात थोडा वेळ असतो. पण पीळ पडून किंवा हर्नियात, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून बाहेर येऊन, आवळून त्याचा रक्तपुरवठा तुटला, की काही तासांत ते काळं पडू लागतं. सर्जरीच्या पुस्तकांत नेहमी दिला जाणारा हिशेब असा: अशा आतड्याचं ऑपरेशन झालंच नाही तर पेशंट वाचत नाही. 36 तासांच्या आत झालं तर 100 पैकी साधारण 8 दगावतात, त्यापुढे गेलं तर 25. त्यात आपल्याकडे आतड्याचा टीबीही दिसतो. महिनोन्‌महिने अंगावर काढलेला, हाडं वर आलेला पेशंट असतो तो. त्याच्या आतड्याला घातलेले टाके धरायलाच अंगात बळ नसतं.

पेठकडचा एक शेतकरी आठवतो. जांघेतला हर्निया कित्येक वर्षांचा, कळ आली की हाताने आत ढकलायचा. एकदा तो आत जाईना, तरी दोन दिवस वाट पाहिली. थिएटरमध्ये पोट उघडलं तेव्हा हातभर आतडं जांभळं-काळं. सर्जन सरांनी गरम सलाईनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे कापडी पॅड, त्यावर गुंडाळले आणि सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटांनी मॉप काढले तर एका टोकाला गुलाबी रंग परतला होता, आतडं हललंही. उरलेलं काळंच राहिलं, ते कापावं लागलं. आदल्या दिवशी आला असता तर कदाचित सगळंच वाचलं असतं.

‘एरंडेल द्या, पोट चोळा.’ हे करू नका, हात जोडून सांगते. पुढची वाट बंद असताना मागून रेचकाने जोर लावला तर फुगलेलं आतडं फुटू शकतं. उलट्या चालू असताना तोंडाने दिलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं. एरंडेलाने बरं वाटलेली माणसंही असतात, कारण अर्धवट अडकलेलं आतडं कधीकधी आपोआप सुटतं. श्रेय मात्र एरंडेलाला मिळतं. थांबून थांबून कळा, उलट्या, फुगलेलं पोट, आणि शौच तर नाहीच पण वाराही सरत नाही, असं दिसलं की तोंडाने काही देऊ नका आणि 108 ला फोन करा.

‘नुसतं सलाईन लावून ठेवतात.’ तेच उपचार असतात हो! आधी सिझर, अपेंडिक्स किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्यांची आतडी आतल्या आत चिकटतात, आणि अशी अडकलेली आतडी बहुतेकदा चाकू न लावता सुटतात. नाकातून नळी घालून पोट रिकामं करायचं, बाटलीत हिरवट पाणी किती आलं ते लिहायचं, तासातासाला लघवी मोजायची, पोटावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा. नाडी वाढली, ताप आला, पोटाला हात लावू देईना, की लगेच थिएटर. तसं काही नसेल तर साधारण तीन दिवस वाट बघतात. रोज सकाळी आमचा पहिला प्रश्न, ‘वारं सरलं का?’ म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून फक्त मान हलवायच्या, आणि वॉर्डात आनंद व्हायचा. नातेवाइकांना मात्र हे कुणी समजावून सांगत नाही. ती तक्रार खरी आहे, आणि तो दोष आमचाही आहे.

सरकारीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तालुक्याला रात्री भूलतज्ज्ञ मिळेलच असं नाही, आयसीयूत कॉट रिकामी असेलच असं नाही. खासगीत न्यायची ऐपत असेल तर न्या, पण जवळ जिथे सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर आहे तिथे आणि त्याच दिवशी न्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. पैसे जमेपर्यंत थांबायचं कारण नाही.

राहिली पिशवी. सुजलेल्या, घाण झालेल्या पोटात आतडं लगेच जोडलं तर जोड सुटायची भीती असते, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात आणि मळ जमा करायला त्यावर पिशवी लावतात. काही कॅन्सरमध्ये ती कायमची राहते. बाकी बहुतेकांची काही महिन्यांनी बंद करतात. त्या पेठच्या शेतकऱ्यालाही पिशवी लागली होती. ती बंद करायला तो एसटीने, आपल्या पायांनी आला. सोबत गावातला एक जण होता, त्यालाही जांघेत हर्निया. ओपीडीच्या दारातच शेतकरी मला म्हणाला, ‘सिस्टर, याचं अजून आत जातंय. तवर करून टाका.’