येऊ नकोस, पण वेळेवर ये

अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीत, मूल गेलं की ऑगस्टच्या अखेरीस पालकाच्या हाती दोन फर्मानं एकदमच पडतात. पहिलं शाळेचं: तुमच्या सहभागावाचून आमचं पान हलत नाही. दुसरं मुलाचं: ‘बाबा, दाराशी नको, कोपऱ्यावर सोड. आणि काच खाली करून हाका मारू नकोस.’ तिथून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंतचे तीन महिने या दोन फर्मानांच्या मधल्या बोळात आपली गाडी उभी असते, तीही इंजिन चालू ठेवून.

आमच्या लहानपणी पालकांना शाळेत बोलावणं आलं की काहीतरी फुटलेलं असायचं. खिडकीची काच, नाहीतर कुणाचं तरी डोकं. इथे काहीही न फुटता बोलावतात. ही सवय जुनी आहे. १८९७ साली अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी वॉशिंग्टनमध्ये मातांची राष्ट्रीय परिषद भरवली आणि तिचीच पुढे पालक-शिक्षक संघटना झाली. सव्वाशे वर्षांच्या सरावानंतर पालक कुठे लपतो आणि कसा सापडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पहिली परीक्षा कुलपाची. मुलाला आयुष्यातला पहिला लॉकर मिळतो आणि त्याला गोल तबकडीचं आकड्यांचं कुलूप. तबकडीवर ० ते ३९ आकडे, उघडायला तीन आकडे लागतात. उजवीकडे तीन पूर्ण फेरे मारून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे फिरवायचं, पण दुसरा आकडा पहिल्यांदा आला की त्याला ओळख न देता पुढे जायचं आणि पुन्हा आला की थांबायचं. मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. शंभरातली नव्वद मुलं मधल्या फेरीला फसतात, कारण आकडा समोर दिसत असताना तो सोडून पुढे जाणं हे मनुष्यस्वभावाविरुद्ध आहे. दोन तासांच्या मधे चार-पाच मिनिटं मिळतात. एक फसलेला प्रयत्न म्हणजे पाऊण मिनिट, शिवाय शेजारच्या लॉकरवाल्याचा कटाक्ष. त्यामुळे ऑगस्टमध्येच असं एक कुलूप आणून घरी सराव करून घ्यावा. मूल दोन दिवसांत शिकतं. आपल्याला आठवडा लागतो, पण आपल्याला लॉकर नाही.

सप्टेंबरात ‘बॅक टू स्कूल नाइट’ येते. नाव ऐकून वाटतं, शिक्षकांना भेटायचं, पोराची विचारपूस करायची. तसं नसतं. मुलाचं वेळापत्रक आपल्या हाती देतात आणि दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून आपल्याला वर्गावर्गांतून पळवतात. खुर्ची आणि बाक एकत्र जोडलेल्या त्या लोखंडी सापळ्यात उजव्या बाजूने आत शिरता येत नाही, कारण तिथेच दांडा असतो. डावीकडून, आधी पाय आणि मग उरलेला देह, असं शिरावं. आणि ‘आमचा कसा आहे अभ्यासात?’ हा मराठी माणसाच्या ओठांवरचा प्रश्न त्या रात्री गिळून टाकावा. त्यासाठी पालकांची स्वतंत्र भेट असते, बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तीही दहाच मिनिटांची. तिथे दोनच प्रश्न बसतात. आपण पहिल्याची प्रस्तावना करण्यात सहा मिनिटं घालवतो.

मग येते खरी परीक्षा: स्वयंसेवकांची ऑनलाइन यादी. कार्यक्रम कुठलाही असो, यादी एकाच क्रमाने भरते. कागदी नॅपकिन, प्लेट, पेले आणि बर्फ पहिल्या दहा मिनिटांत संपतात. त्यानंतर ज्यूसच्या छोट्या खोक्यांचे बॉक्स. शेवटी उरतं ते ‘कार्यक्रमानंतरची आवराआवर, रात्री साडेआठ ते साडेनऊ, माणसं चार’. यादीचा ईमेल दुपारी येतो आणि आपण तो रात्री जेवताना उघडतो. म्हणजे आपण आवराआवरीचे मानकरी.

ज्या माऊलीच्या करंज्यांसाठी मराठी मंडळात रांग लागते, तिलाही इथे नॅपकिनच आणावे लागतात, कारण घरचं चालत नाही. बहुतेक शाळांत दुकानातलं, बंद पाकिटातलं, घटकपदार्थांची चिठ्ठी असलेलंच लागतं. आता आपला फराळ या चाळणीत घालून पाहा. अ‍ॅलर्जीच्या धास्तीने दाणे गेले, म्हणजे चिक्की आणि दाण्याची चटणी लावलेलं सगळं गेलं. काजू गेले, म्हणजे कतली गेली. १ जानेवारी २०२३ पासून तीळही सरकारी यादीतला नववा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ झाला, म्हणजे ‘गोड बोला’ म्हणायचीही चोरी. नारळ मात्र २०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने झाडावरच्या कवचफळांच्या यादीतून वगळला. ही बातमी अमेरिकेतल्या कुठल्याच मराठी मंडळाने ढोल वाजवून साजरी कशी केली नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. अर्थात शाळेची यादी सरकारी यादीहून कडक असू शकते. नारळाच्या वड्यांचं पाकीट घेऊन जाण्याआधी ऑफिसात फोन करावा, नाहीतर त्या परतीच्या वाटेवर आपल्यालाच संपवाव्या लागतात. तशी ही काही मोठी शिक्षा नव्हे.

खेळाच्या सामन्याला खाऊची टपरी लावायचं काम अंगावर आलं तर वीज सांभाळावी. टपरीतला प्लग साधारण १५ अँपिअरचा, १२० व्होल्टवर, म्हणजे त्या सगळ्या वायरीला मिळून १८०० वॉट. कॉफीचं मोठं भांडं एकटंच १५०० वॉट खातं. त्याच वायरीवर कुणीतरी पॉपकॉर्नचं यंत्र लावतं, खटका पडतो, आणि खटक्याची पेटी ज्या खोलीत असते तिची किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. भांडं आणि यंत्र वेगवेगळ्या वायरींवर लावावं. नाचोवर ओतायचं चीज मंद आचेच्या विजेच्या भांड्यात दोन तास आधी ठेवावं. घाईने मोठी आच केली तर तळाला करपतं आणि तो वास पुढच्या सामन्यापर्यंत टिकतो. किमती पूर्ण डॉलरमध्ये ठेवाव्यात. पंच्याहत्तर सेंट लिहिलंत की संध्याकाळभर नाणी मोजा. पैसे घेणाऱ्याने खाण्याला हात लावायचा नाही.

क्रॉस कंट्री हा माळरानावरून धावण्याचा खेळ पालकांमध्ये लोकप्रिय आहे, कारण त्यात सहसा कुणाला वगळत नाहीत आणि लागतात फक्त बूट. मिडल स्कूलचं अंतर साधारण दोन मैल: गवत, चढ, चिखल. गुणांचं गणित मात्र आपल्या डोक्यावरून जातं. संघाचे सात धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि बेरीज ज्याची कमी तो संघ जिंकतो. पहिले पाचही आपले आले तर १+२+३+४+५, म्हणजे १५. याहून चांगलं काही नाही. ‘आमच्या संघाला ८४ मिळाले’ असं हर्षाने पुण्याला कळवू नये. सहावा-सातवा धावणारा फुकट नसतो. तो समोरच्यांच्या पाचव्याला मागे टाकून त्यांची बेरीज वाढवतो. आपलं पोर सहावं असेल तर जेवताना हे जरूर सांगावं.

छातीवरचा क्रमांक चार पिनांनी, चारही कोपऱ्यांत लावावा. दोनच लावल्या तर तो पंख्यासारखा फडफडतो. तो दुमडू किंवा चुरगळू नये, कारण पुष्कळदा मागे वेळ नोंदवणारी चिप चिकटवलेली असते. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलाबरोबर पळू नये. आपल्या आत दडलेला उत्साही काका दोरीच्या कडेकडेने ‘पळ, पळ, अरे पळ!’ करत निघतो. नियमात त्याला बाहेरची मदत म्हणतात आणि त्यापायी धावणारा बाद होऊ शकतो. त्यापेक्षा वळणावर हात लांब करून उभं राहण्याचं स्वयंसेवकाचं काम घ्यावं. तिथे ‘डावीकडे!’ एवढं ओरडण्याची अधिकृत परवानगी असते. मूल पुढून जाताना आपल्याला ओळख दाखवत नाही. तेव्हा त्याने धाप लागल्याचं कारण तरी दिलेलं असतं.

या सगळ्याहून भारी प्रकरण म्हणजे बँड. सहावीत वाद्य निवडायचं असतं. निवडताना वजन पाहावं, मुलाच्या हाताची लांबी पाहावी. ट्रोम्बोनच्या सरकत्या नळीच्या सात जागा असतात आणि अकरा वर्षांच्या हाताला सातवी कित्येकदा पोचतच नाही. शिवाय नळीची कडी लावायची राहिली तर पेटीतून काढताना नळी घरंगळून जमिनीवर आपटते, पोचा पडतो आणि मग ती अडकत अडकत सरकते. ट्रम्पेटची तोंडाची नळी घट्ट बसली तर पक्कड लावू नये. त्यासाठी वेगळं अवजार असतं, ते बँडच्या सरांकडे असतं.

बहुसंख्य मराठी घरांत मात्र क्लॅरिनेट येते, कारण ती लहान पेटीत मावते आणि सनईची लांबची बहीण दिसते. तिचे पाच तुकडे. सांध्यांना बूच असतं. नवीन असताना त्यावर बुचाचं मेण चोळलं नाही तर तुकडे एकमेकांत जात नाहीत आणि आपण जोर लावतो. तिथेच घात होतो. वरचा आणि खालचा तुकडा जोडताना वरच्यावरची कडी बोटाने दाबून धरायची, म्हणजे दोन्हींना जोडणारी पट्टी उचलली जाते. नाही दाबली तर पट्टी वाकते आणि खालचे सूर मुके होतात. म्हणून वाद्य भाड्याने घेताना दुरुस्तीची योजनाही घ्यावी. ‘आपला मुलगा जपून वापरतो’ हे वाक्य मी फक्त पहिल्या मुलाच्या पालकांकडून ऐकलं आहे.

आवाज येतो तो बोरूच्या जातीच्या गवताच्या एका पातळ पट्टीतून. तिला रीड म्हणतात. शिकाऊ मुलाला दोन नंबरची किंवा अडीचची; दहांचं खोकं मिळतं. वाजवण्याआधी मिनिटभर तोंडात ओली करायची, सपाट बाजू तोंडात धरायच्या तुकड्याच्या भोकाकडे, टोक त्या तुकड्याच्या टोकाहून केसभर खाली. एकीवरच दळण दळू नये, तीन-चार आळीपाळीने वापराव्यात. वाजवून झालं की काढून पुसून डबीत ठेवायची. तशीच राहिली तर बुरशी धरते. घरात कुणी पाय चेंगरल्यासारखं किंचाळलं तर कारणं चारच: टोक तुटलेलं, रीड कोरडी, दात फार दाबलेले, किंवा एखाद्या भोकावर बोट अर्धवट. पहिले दोन महिने तीनच सुरांचं एक गाणं असतं. शेजारच्यांनाही पाठ होतं.

इथे पेटी वाजवणाऱ्या बाबांचा एक गैरसमज ठरलेला. मूल वहीत बघून ‘सी’ वाजवतं, बाबा पेटीवर पांढरी एक दाबतात आणि सूर जुळत नाही. बाबा म्हणतात, पोर बेसूर आहे. पोर बेसूर नसतं. क्लॅरिनेटचा लिहिलेला ‘सी’ प्रत्यक्षात एक पूर्ण सूर खाली वाजतो, म्हणजे पेटीच्या काळी पाचला. मंडळाच्या गणपतीत आरतीला साथ करायची असेल तर पेटी काळी पाचवर घ्या, नाहीतर मुलाला ‘डी’पासून सुरू करायला सांगा. एवढं न केल्याने कित्येक मंडळांत बाप्पाने काय काय ऐकून घेतलं असेल.

फोटोचा दिवस, पायजम्याचा दिवस, दोन रंगांच्या मोज्यांचा दिवस यांबद्दल फार लिहीत नाही. ते आदल्या रात्री कळतात, एवढं पुरे. हॅलोविन आणि दिवाळी मात्र जवळजवळ येतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी बरोबर हॅलोविनलाच, म्हणजे ३१ ऑक्टोबरला होती. सकाळी उटणं लावून राक्षस मारायचा आणि संध्याकाळी त्याचेच कपडे घालून चॉकलेट मागत हिंडायचं.

नोव्हेंबरात बँडचा कार्यक्रम. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे मोजे, काळे बूट. बूट ऑगस्टमध्ये होत होते म्हणून आता होतील असं समजू नये, आठवडाभर आधी घालून पाहावेत. मुलांनी पाऊण तास आधी पोचायचं असतं, कार्यक्रम पस्तीस-चाळीस मिनिटांचा. सहावी आधी वाजवते, पण म्हणून सहावीचं संपल्यावर उठून जाऊ नये. दार करकरतं आणि सरांना डोळे आहेत. क्लॅरिनेटवाली मुलं बहुतेक पुढे बसतात, तरी चेहरा स्वरलिपीच्या स्टँडमागे जातो. मधल्या रांगेतून फक्त कपाळ दिसतं. कडेच्या खुर्च्या पकडाव्यात.

व्हिडिओ काढावाच लागतो, कारण पुण्याला आजी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. तोवर पूर्व किनारा पुण्याच्या साडेनऊ तास मागे असतो, त्यानंतर साडेदहा. हा हिशोब आम्ही दरवर्षी चुकतो, आजी चुकत नाही. इथे संध्याकाळी सात म्हणजे तिथे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाच. दारात सोडल्यावर मूल आपल्याला सांगतं, ‘बाबा, पुढे बसू नकोस, हात हलवू नकोस, नाव घेऊन ओरडू नकोस.’ मग दोन पावलं परत येतं आणि म्हणतं, ‘आजीला फोन लावशील ना?’

पाच पंचविसाला आजीचा मेसेज आलेला असतो. चहा ठेवला आहे, दिवा लावला आहे, आवाज बंद करून बसते आहे, सुरू झालं की सांग.