राहिलेले वीस टक्के

लहानपणी एका दसऱ्याला मामाकडे कोल्हापूरला गेलो असता दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येताना मी मामाच्या खांद्यावरून पाहिली, आणि भोवतालची सगळी माणसे सोने लुटायला धावत असताना मी एकटाच त्या गाडीच्या मडगार्डकडे पाहत बसलो. गोवर लहानपणीच येऊन गेलेला बरा, मोठेपणी तो फार छळतो, असे आई म्हणत असे. जुन्या गाड्यांच्या वेडाचेही तसेच असावे. मला ते पन्नासाव्या वर्षी उमटले. मेबॅक परवडण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी त्याच कोल्हापुरातून 1957 सालची एक डुक्कर फियाट विकत घेतली, आणि तीही अर्धवट.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्मिनीच्या आधी, डिलाइटच्याही आधी फियाट 1100 चे जे गोलमटोल रूप कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवले जात असे, त्याला लोकांनी प्रेमाने डुक्कर हे नाव दिले होते. तिची पुढची दारे आजच्या गाड्यांच्या उलट, मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरतात. मी घेतलेल्या गाडीत मात्र डुकराचे केवळ तोंड शिल्लक होते. पूर्वमालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. त्यांनी छप्पर, मागची दारे आणि डिकी कापून काढली होती, आणि सागवानी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, मागे होडीच्या टोकासारखी निमुळती होत जाणारी, दोन माणसांची उघडी गाडी घडवायला घेतली होती. बारा वर्षे ते हे काम करीत होते. "वीसच टक्के राहिलंय बगा, पाव्हणं. ऐंशी टक्के तर मीच केलंय," असे म्हणून त्यांनी चहा मागवला. त्या चहाची किंमत मला 1,40,000 रुपये पडली.

माझी पत्नी शाळेत गणित शिकवते. तिने गाडीकडे न पाहता एवढेच विचारले, "वीस टक्के कशाचे?" त्या क्षणी मला हा प्रश्न खवचट वाटला, आता तो प्रश्न मी खरेदीखतावर लिहून घ्यायला हवा होता असे वाटते. वीस टक्के पत्र्याचे, पैशाचे, कष्टाचे की उरलेल्या आयुष्याचे, हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

गाडी टेम्पोवर चढवून पुण्याला आणली आणि तिच्यासोबत अकरा पोती आली. "सगळे पार्ट आहेत" या विधानाचा अर्थ ती पोती होता. गाडी खोलताना कोणी एकही छायाचित्र काढले नव्हते, कारण खोलणाऱ्याला सगळे लक्षात राहणार होते, आणि त्याला ते राहिलेही असेल, पण तो माणूस पोत्यात नव्हता. डाव्या दाराचे खटके तीन निघाले, उजव्याचा एकही नाही. काच वर-खाली करण्याची दोन यंत्रे निघाली, पण ज्या दारांना ती बसवायची त्यांत काचेला जागाच नव्हती. बोर्नव्हिटाच्या एका डब्यात चारशेच्या वर नट-बोल्ट होते आणि त्यांतले निम्मे एकमेकांना बसत नव्हते. पुढे कारण कळले. पुढची गाडी फियाटची, म्हणजे मिलिमीटरच्या आट्यांची. मागचा ॲक्सल मात्र पूर्वमालकांनी ॲम्बॅसेडरचा बसवला होता, आणि ॲम्बॅसेडर ही मुळात विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड असल्याने तिचे सगळे आटे इंचांत. त्यामुळे पाने दोन प्रकारचे लागत. पुढची चाके 14 इंची आणि मागची 15 इंची झाल्याने गाडी कायम किंचित वाकून नमस्कार केल्यासारखी उभी राही. सोसायटीच्या चेअरमनांना तिचे तेवढे एक वळण पसंत पडले.

सुट्या भागांसाठी मी नाना पेठेतली दुकाने आणि रविवारचा जुना बाजार पालथा घातला. इंजिनाचे सामान मिळाले, कारण पूर्वमालकांनी पद्मिनी टॅक्सीचे इंजिन बसवले होते आणि दोन्ही इंजिने 1089 सीसीचीच. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा सारी मुंबई हळहळली. मी हळहळत हळहळत कुर्ल्याच्या भंगार बाजारात पोहोचलो आणि एक जास्तीचा कार्ब्युरेटर घेऊन आलो. खरी पंचाईत बॉडीच्या भागांची होती. जगात ज्या बॉडीचा दुसरा नमुना नाही, तिची समोरची काच, दाराचे रबर, मागचा दिवा यांपैकी कोणतीही वस्तू कोणत्याही दुकानात असू शकत नाही. दुकानदार विचारतो, "कुठली गाडी?" आणि त्या साध्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते.

तरीही या साऱ्यापेक्षा दाराने मला अधिक शिकवले. राजेमहाराजांच्या काळी इंजिन आणि चेसिस विलायतेहून येई आणि त्यावर हवी तशी बॉडी बांधून घेता येई, कारण गाडीचे वजन चेसिस पेलत असे आणि बॉडी म्हणजे केवळ अंगरखा असे. डुक्कर फियाटला मात्र वेगळी चेसिसच नाही. तिचे छप्पर, खांब, तळ आणि दाराखालची पट्टी हे सगळे मिळूनच तिचा कणा होतो. पूर्वमालकांनी छप्पर कापले तेव्हा त्यांनी टोपी काढली नव्हती, कणा अर्धा केला होता. परिणामी गाडी रिकामी असताना दार व्यवस्थित लागे. मी एकटा बसलो की ते घासे. आणि आम्ही दोघे बसलो की गाडी मध्यभागी एवढी दबे की दार उघडतच नसे. पहिल्या दिवशी आम्ही पार्किंगमध्ये, छप्पर नसलेल्या गाडीत, पंधरा मिनिटे अडकून बसलो होतो. अखेर वॉचमनने मधोमध जॅक लावून गाडी उचलली तेव्हा दार आपणहून उघडले. "फिरायला जाताना यांनाही सोबत न्यावे लागेल," असे पत्नी वॉचमनकडे पाहत म्हणाली.

त्यावर उपाय म्हणजे दोन्ही दारांखाली लोखंडी चौकोनी नळ्या वेल्ड करून तळ ताठ करणे. हे काम तीन मिस्त्र्यांनी नाकारले. दुसऱ्या कारागिराच्या हाताचे काम उघडायचे नाही, हा या धंद्यातला दंडक आहे. उघडल्यावर जे दिसेल त्याचे पाप आपल्या माथी येते. चौथा तयार झाला, पण प्रत्येक पत्रा उचलताना "हे कोणी केलं?" असे तो अशा स्वरात विचारी की मीच अपराधी असल्यासारखी मान खाली घालत असे. सागवानाला ॲल्युमिनियम धरून ठेवायला साधे लोखंडी स्क्रू वापरले होते, आणि दोन पावसाळ्यांत प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमून पत्र्याला चाळणीचे रूप आले होते. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की असेच होते, हे मला नववीत शिकवले होते. तेव्हा मला ते परीक्षेपुरतेच वाटले होते.

मग कागदपत्रे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. 50 वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये शुल्क आहे, नोंदणी 10 वर्षे चालते आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांकही राखता येतो. हे वाचून मला गहिवरून आले. पुढच्या ओळीत अट होती की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. माझ्या गाडीत मोठा बदल झाला नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हॉर्न, आणि तो वाजत नव्हता. आरसी बुकात गाडी बंद छपराची, चार दारांची होती. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदीशी न जुळणारा बदल चालवून घेत नाही. आत्मा एक देह सोडून दुसऱ्या देहात जातो हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे, पण त्याचा इंजिन क्रमांकही बदलला तर पंचाईत होते. एजंटाने फाइल चाळली आणि शांतपणे म्हटले, "साहेब, गाडी जुनी आहे हे दिसतंय. पण ती हीच आहे, हे कसं दाखवायचं?"

आता त्या लोखंडी कानाविषयी सांगितले पाहिजे. सीटच्या मागे, तळाच्या बरोबर मध्यावर, हातभर उंचीचा एक जाड लोखंडी कान वेल्ड केलेला होता, त्याला नीट भोक पाडलेले होते आणि बाकी गाडीत कुठेही नसलेल्या काळजीने तो रंगवलेला होता. तो कशासाठी आहे हे मला, चौथ्या मिस्त्रीला, किंवा रविवारी येऊन सल्ला देणाऱ्या सात-आठ जाणकारांपैकी कोणालाही सांगता आले नाही. एकाने तो बॉडीचा भार वाहणारा मुख्य आधार ठरवला, दुसऱ्याने हँडब्रेकचा. न कळणारी वस्तू कापण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. म्हणून आम्ही सीट चार इंच पुढे घेतली, त्यामुळे माझे गुडघे स्टिअरिंगला लागू लागले. सायलेन्सरच्या पाइपला दोन वळणे देऊन तो कानाच्या बुडाला वळसा घालून नेला. आणि मागच्या ब्रेकची नळीही त्याच मार्गाने फिरवली.

गेल्या महिन्यात पूर्वमालक मुलाकडे पुण्याला आले होते. ते गाडी पाहायला आले, नव्या नळ्यांवर त्यांनी मायेने हात फिरवला आणि पाठ आपण याहून दोन इंच निमुळती करणार होतो असे सांगितले. मी आवंढा गिळून त्या कानाबद्दल विचारले. ते वाकले, चष्मा वर केला आणि मनापासून हसले.

"हे व्हय? शेडात दिवा नव्हता की वो. वायर अडकवून बल्ब टांगायला लावलं होतं."

ते गेल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो. मग वरून वायर आणली, त्या भोकातून ओवली आणि बल्ब टांगला. उजेड अगदी हवा तिथेच पडतो.