अकरा पार्ट आणि माझं डोकं

अकरा. मोजून अकरा पार्ट. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या खुंट्या. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसचं, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या पेडलचं, सर्किट एवढंच आहे, आणि एवढंच आहे म्हणून तर मी त्याच्या नादी लागलो. जो तो सांगत होता, नवशिक्याने यापासूनच सुरुवात करावी, एका दुपारचं काम आहे. कोणाची दुपार? माझे तीन शनिवार-रविवार गेले, बोटांना चटके बसले ते वेगळेच.

पहिल्यांदा प्लग लावला, फूटस्विच दाबला, एलईडी झोकात पेटला. आवाज शून्य. या एलईडीइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. आवाजाच्या वाटेशी त्याचा काडीचा संबंध नसतो. स्विचच्या नऊ पायांतले तीन त्याच्या दिमतीला, आणि बाकी सर्किट मरून पडलं तरी हा आपला लग्नघरासारखा उजळलेला. तेव्हा व्हेरोबोर्डच्या, म्हणजे ज्यावर पार्ट जोडतात त्या बोर्डाच्या, तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढा सोल्डरचा धागा ओढला गेला होता. माझी चूक, मान्य. ब्लेडने खरवडला.

मग आवाज आला. म्हणजे काय आला, तर डबीत कोंडलेल्या डासासारखी बारीक कुरकुर. आता मला सांगा, हा बिघाड की हाच तो फझचा खरखराट? ज्या यंत्राचं कामच बिघडलेला आवाज काढणं, ते बिघडलंय हे ओळखायचं कसं? या प्रकाराचा उगमच मुळात बिघाडातला. नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचं एक चॅनेल खराब झालं, तो खरखराट लोकांना आवडला आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीचा एफझेड-१ हा फझ पेडल बाजारात आला. त्यांचा बिघाड इतिहासात गेला, माझा मात्र नुसताच बिघाड.

दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं की सर्किटची आकृती २एन३९०४ या ट्रान्झिस्टरची होती आणि मी लावले होते बीसी५४७ जातीचे. दोन्ही दिसायला सख्खे जुळे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर एकाचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर. दुसऱ्याचे बरोब्बर उलटे. बेस मधोमध, त्यामुळे बसतो कसा छान! आणि उलटा लावला तरी ट्रान्झिस्टर धडपणे मरतही नाही, गेन, म्हणजे आवाज वाढवायची ताकद, नावापुरती ठेवून रडत-कुढत चालू राहतो. अरे मर ना सरळ! धूर काढ, काहीतरी कर, म्हणजे समजेल तरी.

पाय फिरवले. आवाज दणदणीत. पण स्वर विरायला लागला की मध्येच फर्र करून तुटायचा. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला बसवून दिलेला व्होल्टेज, चुकलाय, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या नऊ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट हवेत, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मिळवायचे कसे? हे दोन ट्रान्झिस्टर सरळ एकमेकांना जोडलेले, वर दुसऱ्याकडून १०० किलोओहमचा रेझिस्टर परत पहिल्याच्या बेसवर. सासू-सुनेच्या भांडणासारखं. एकीने तोंड वाकडं केलं की दुसरीचंही बिघडतं, आणि आधी कोणी सुरुवात केली ते मीटरला विचारून उपयोग नाही. कुठेही हात लावा, सगळे आकडे बदलतात.

८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावला आणि स्क्रूड्रायव्हरने फिरवत बसलो. फिरव, मोज, फिरव, मोज. तासाभराने सहज बॅटरी मोजली. सहा व्होल्ट! इनपुटचा जॅक स्टीरिओ असतो, प्लग आत गेला की बॅटरीची ऋण बाजू जोडली जाते. माझा प्लग शनिवारपासून शनिवारपर्यंत आतच, एलईडी आठवडाभर पेटलेला. म्हणजे मी सहा व्होल्टच्या बॅटरीचे निम्मे म्हणून साडेचार शोधत होतो.

या सगळ्यात ज्याला विचारावं त्याचं एकच पालुपद: सोल्डरिंग तपास. तपासलं बाबा! प्रत्येक डाग दोनदा तापवला, भिंगाखाली पाहिला, तारा हलवून पाहिल्या. अजून काय, ओवाळू का त्याला?

नवी बॅटरी घातली, साडेचार जुळले, आणि खरं सांगतो, आवाज आला तो ऐकून मी खुर्चीतून उठलो. जाड, लोकरीसारखा, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की स्वच्छ होणारा. आनंदाने झाकण लावलं, चार स्क्रू आवळले.

शांतता.

झाकण काढलं, आवाज. लावलं, शांतता. माझ्याकडे तपासायला प्रोब होता, ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलेली तार अँपला जोडायची आणि सर्किटमध्ये आवाज कुठपर्यंत पोचतो ते ऐकत जायचं. फार उपयोगी चीज. पण झाकण लावल्याशिवाय बिघाड होत नाही आणि झाकण लावलं की प्रोब आत जात नाही! तो डबा त्या रात्री मी खिडकीतून भिरकावला नाही, हे त्याचं नशीब.

शेवटी दिसलं ते असं: व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर, त्या धातूच्या टोपीवर, एक चकचकीत नवा ओरखडा, तांदळाच्या कणीएवढा. त्याच्या समोर बोर्डाच्या तांब्याच्या बाजूला आउटपुट कपॅसिटरचा एक पाय, दोनेक मिलिमीटर, कापायचा राहून गेलेला. झाकण दाबलं की बोर्ड सरकायचा, पाय टोपीला टेकायचा आणि सगळा आवाज ग्राउंडमध्ये गडप.

कटरने टिक केलं. टेप चिकटवली. झाकण लावलं. एक स्क्रू, आवाज आहे. दुसरा, आहे. तिसरा, आहे. चौथा आवळताना कुठेतरी बारीक कर्र झालं.

चौथा स्क्रू काढून टेबलावर ठेवलाय. तिथेच राहील.